नामात घडी घालून ठेवलेलं वाक्य

तुझा मेसेज दोनदा वाचला. राधानगरीकडच्या शाळेत सातवीला मराठी शिकवतेस, पोरांना कविता लिहायला सांगितली की एकतर निबंधासारखी लांबच लांब येते नाहीतर ओळीओळीत सुंदर, छान, मनमोहक. ट्रेनिंगमध्ये कुणीतरी सांगितलं की ‘एक्सपांडेड नाऊन फ्रेज’ शिकवा, आणि तू विचारतेस, बाई, फ्रेज वाढवली तर कविता आणखी नाही का लांबणार, आणि सगळे तर सांगतात विशेषणं काढून टाका, मग खरं काय धरू? खाली आबांवरची तुझी स्वतःची कविता पण चिकटवलीस. तिच्याकडं शेवटी येते. सावकाश लिहिते, कारण हा विषय माझ्या लई जिव्हाळ्याचा आहे. २८ वर्षं कोल्हापुरात मराठी शिकवलं आणि अजून शनिवारी सकाळी पोरं घेऊन कविता लिहायला बसते, त्यातनं जे हाताला लागलं तेच सांगते.

आधी त्या शब्दाचं बघू. एक्सपांडेड नाऊन फ्रेज म्हणजे नामाला आणखी शब्द जोडून वाढवलेला शब्दगट. तो इंग्लंडच्या शाळांतला आहे. त्यांचा जो अभ्यासक्रम २०१४ पासून लागू झाला त्यात तो दुसरीच्या वर्गात येतो, वर्णन करायला म्हणून, आणि मग पाचवी-सहावीला परत येतो, पण तिथं सांगितलेलं काम वेगळं आहे, गुंतागुंतीची माहिती थोडक्यात सांगायला वापरा असं. हे ‘थोडक्यात’ आपल्याकडं येता येता वाटेत गळतं. आपण पोरांना सांगतो ‘नामाला विशेषणं लावा’, मग पोरगं ‘झाड’च्या आधी ‘हिरवेगार सुंदर उंच’ लावतं आणि आपण बरोबरची खूण करतो. नाम फुगवायचं ते वाक्य वाचवण्यासाठी, हे कुणी त्याला सांगितलेलंच नसतं.

एक उदाहरण देते. सहावीतल्या एका पोरानं महाद्वार रोडवरच्या पावसावर लिहिलं होतं:

महाद्वार रोडवर खूप पाऊस पडत होता
रस्त्यावर कोणीच नव्हते
एक म्हातारा बसला होता
तो लोकांच्या छत्र्या दुरुस्त करत होता
त्याची स्वतःची छत्री फाटलेली होती

मी विचारलं, ह्यातलं तुला सगळ्यात जास्त काय आठवतंय? म्हणाला, बाई, त्याचीच छत्री फाटकी होती. मग म्हटलं तेवढंच ठेव आणि बाकीचं त्याच्यात बसतंय का बघ. अर्धा तास खाडाखोड करून त्यानं हे आणलं:

फाटक्या छत्रीखाली
छत्र्या शिवणारा म्हातारा

२४ शब्दांचे ५ झाले. पाऊस कुठं गेला? छत्रीत गेला. फाटलेली होती हे वाक्य ‘फाटक्या’त बसलं, दुरुस्त करत होता हे ‘शिवणारा’त बसलं, आणि पाच ओळींच्या शेवटी जे पाच वेळा होता-नव्हते-होती येत होतं ते सगळं गेलं. कपाटात नऊवारी ठेवताना जशी घडी घालतो तसंच हे, लुगडं तेवढंच राहतं, जागा कमी लागते आणि उलगडलं की सगळं बाहेर. मी पोरांना ‘विशेषण लाव’ म्हणायचंच सोडून दिलं, ‘ह्या वाक्याची घडी घाल’ म्हणते. तेवढ्या एका शब्दानं फरक पडतो, कारण घडी घालायला आधी वाक्य लागतं, म्हणजे काहीतरी बघितलेलं लागतं. ‘सुंदर’ची घडी घालता येत नाही, त्याच्या आत कुठलंच वाक्य नाही.

आता कुठलं विशेषण ठेवायचं आणि कुठलं काढायचं. ते ‘विशेषणं काढून टाका’ म्हणणारे अर्धे बरोबर आहेत. जे विशेषण नामाच्या पोटात आधीच आहे ते काढायचं. गोड गूळ, पांढरं दूध, थंड बर्फ ह्यात काहीच सांगितलं जात नाही. पण ‘खारट गूळ’ म्हणून बघ. शिरोळकडची एक पोरगी होती माझ्याकडं, तिनं लिहिलं ‘आमच्या रानातला खारट गूळ’, आणि वर्गातली शेतकऱ्याची सगळी पोरं गप्प झाली. कारण त्यांना ठाऊक होतं की पाणी जास्त होऊन जमीन क्षारपड झाली की उसात खार उतरतो आणि गूळ खारट लागतो. तिकडं नदीकाठाला अशी कितीतरी रानं आहेत. दोन शब्द, आणि आत आख्खं रान, दरवर्षी पाणी पाजत आलेला बाप, बाजारात पडणारा भाव. तेव्हा मोजायचं असेल तर विशेषणं किती हे मोजू नकोस. विशेषण काढलं तर नामाचं काही बिघडतंय का एवढं बघ. गोड काढलं तर गूळ तोच राहतो, खारट काढलं तर कविताच गेली.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगते, आणि हे इंग्रजीच्या पुस्तकात मिळायचं नाही. आपल्या मराठीचं खरं बळ काळा-गोरा-उंच ह्या विशेषणांत नाही, ते धातुसाधित विशेषणांत आहे, क्रियापदापासून झालेल्या. व्याकरणात आपण ते एका तासात उरकतो आणि पुढं जातो, तिथं थांबायला पाहिजे. पोरांना गुऱ्हाळावर ने. तुझ्या बाजूला हंगामात एखादं तरी चालू मिळेल. तिथं उभं राहून एकच नाम घे, रस. उकळायचा रस म्हणजे टाकीत अजून वाट बघत असलेला. उकळता रस म्हणजे आत्ता ह्या क्षणाला काहिलीत खदखदतोय, वर मळी येतेय, ती काढायला भेंडीचं पाणी टाकलंय. उकळणारा रस म्हटलं की जरा लांबनं बघितल्यासारखं होतं, रोजचंच काम वाटतं. आणि उकळलेला रस म्हणजे झालं गेलं, आता गुळव्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी बघणार. नाम एकच पण चार काळ, आणि कुठंही ‘होता’, ‘आहे’, ‘असेल’ लिहावं लागलं नाही. क्रियापद ओळीच्या शेवटी बसून जो काळ सांगतं तो ह्या -लेला, -णारा, -ता, -आयचा मधे आधीच येऊन बसतो. माझ्या वर्गात पहिले तीन शनिवार फक्त ह्याच्यावर जातात. पोरं घरनं यादी आणतात, यायची एसटी, तापतं दूध, न विकलेली मेथी, बंद पडलेली गिरणी, द्यायची उधारी. ‘द्यायची उधारी’ आणलेल्या पोरीला मी म्हटलं ही कविताच आहे, आता फक्त कुणाची ते सांग.

आणि ते ‘न’ आणि ‘बिन’ विसरू नकोस हं. नसलेली गोष्ट दाखवायला दुसऱ्या कशानं एवढं सोपं होत नाही. न आलेली एसटी म्हटलं की रिकामा स्टँड पण दिसतो आणि त्याच्यावर बसलेला माणूस पण.

मग चा-ची-चं. पोरांना वाटतं ह्यात काय कविता, मालकी सांगायला तर असतं, रामाचं पुस्तक. पण ‘काकवीचं बोट’ म्हणून बघ. बोट काकवीत बुडवलं, चिकट झालं, चाटायचं राहिलंय, आई ओरडणार आहे, हे सगळं त्या एका ‘चं’मधे. दोन नामांच्या मधे नेमकं काय घडलं ते ‘चं’ सांगतच नाही, वाचणाऱ्यानं आपलं आपण भरायचं. ‘धुराचा पदर’ असं एकीनं तिच्या आजीसाठी लिहिलं होतं, तिथं धुराचा वास, चूल, डोळे पुसणं असं काही म्हणजे काही लिहायची गरज पडली नाही.

पण ह्याच चा-ची-चं ला रोग पण लागतो. ‘शेजारच्या काकूंच्या परड्यातल्या आंब्याच्या झाडाच्या फांदीवरची चिमणी’. पोरांना हे दिलं की हसतात, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तसंच लिहितात, कारण ‘वाढवा’ म्हटलेलं असतं. सामान्यरूपात सगळं ‘च्या’ होतं, काळा असो काळी असो ‘काळ्या’ होतं, आणि च्या-च्या-च्या करत ओळ चालताना पाय घासल्यासारखी वाजते. माझा हिशोब असा की एका नामाच्या आधी दोन ‘च्या’ चालतात, तिसरा आला की ओळ मोठ्यांदा वाचायची आणि एक तरी काढायचा. कुठला काढायचा ते कवितेला विचार, काकू कवितेत पुढं येणार नसतील तर काकूंना घरी पाठव. नाहीतर समास कर. देवाचं घर देवघर झालं, साखरेचा भात साखरभात झाला, ते कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा केलंच असणार ना, मग पोरांनी ‘उसवाट’ केलं तर का नको? फक्त घरी जाऊन आईला वाक्यात म्हणून दाखवायचं, तिला अर्थ न सांगता कळला तर ठेवायचा, नाही कळला तर खोडायचा.

दुसरी एक गोष्ट जी इंग्रजीच्या साच्यात शिकवली की हातातनं निसटते. त्यांच्याकडं माणूस आधी येतो आणि लाल पागोटं, हातातली काठी वगैरे मागनं येऊ शकतं. आपल्याकडं सरळ बोलताना सगळं नामाच्या आधी येतं आणि नाम सगळ्यात शेवटी. म्हणजे ऐकणारा थांबून असतो. खासबागला बघितलंयस ना, आधी हलगी कडाडते, माना वळतात आणि मग पैलवान मैदानात उतरतो. तशी हलगी आधी आणि नाम मागनं. ‘फाटक्या छत्रीखाली छत्र्या शिवणारा’ इथपर्यंत बाई नाही एवढंच कळतं, तरुण आहे का कोण आहे माहीत नसतं, आणि मग ‘म्हातारा’ येतो आणि बसतो. तोच शब्द पहिला टाकला असता, ‘म्हातारा छत्र्या शिवत होता’, तर पुढचं सगळं नुसती माहिती झाली असती. उलट कधी मुद्दाम नाम आधी टाकायचं असतं, कवितेत आपल्याला ती मोकळीक आहे, पान पिंपळाचं, वाट घाटाची. तेव्हा ओळीचा जोर मागच्या शब्दावर जातो. पिंपळाचं पान म्हटलं की पान दिसतं, पान पिंपळाचं म्हटलं की पिंपळ. पोरं हे यमकासाठी करतात आणि आपण चालवून घेतो, पण त्यांना एकदा तरी विचारायचं की तुला नक्की काय दाखवायचं होतं.

आकड्यांबद्दल थोडकंच. संख्याविशेषण पोरांना गणितातलं वाटतं, म्हणून कवितेत ‘अनेक’, ‘असंख्य’, ‘भरपूर’. २०१९ च्या पुरानंतर शाळा भरली तेव्हा सगळ्यांनी पुरावर लिहिलं, भयंकर पूर, महाभयंकर पूर, रौद्र नदी. एका पोरानं लिहिलं ‘त्रेचाळीस फुटांची नदी’. कोल्हापुरात राहणाऱ्याला पुढं काही सांगावं लागत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, पावसाळ्यात घरोघरी मोबाइलवर तेवढा एकच आकडा बघत बसलेली असतात माणसं. ‘भयंकर’मधे भीती सांगितलेली आहे, ‘त्रेचाळीस फुटांची’मधे ती आपल्या पायापर्यंत येते.

जोडशब्दांचं तू विचारलं नाहीस पण येणारच, हिरवागार, काळाकुट्ट, लालभडक, पांढराशुभ्र. हे शब्द वाईट नाहीत, मला प्यारे आहेत, पण वापरून वापरून गुळगुळीत झालेत आणि पोरगं शेत म्हटलं की न बघताच हिरवंगार लिहितं. मी त्यांना शेजारचे शब्द देते, हिरवट, पिवळसर, तांबूस, काळपट, धुरकट, करपट, मळकट. ह्यातला कुठलाही लिहायचा तर खरंच बघावं लागतं, पंचगंगेचं जुलैतलं पाणी तांबूस का मळकट, ठरवावं लागतं. आवाजाचे शब्द पण तसेच. एकानं लिहिलं ‘करकर वाजणारं नवं कोरं पायताण’. मी म्हटलं करकर कुठलं वाजतं, नवं का जुनं? मग ‘नवं’ पण गेलं आणि ‘कोरं’ पण गेलं, ‘करकरतं पायताण’ राहिलं. आणि जुन्या शब्दांत बघ कसली घडी आहे, आपल्या गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस समोर पिळून दूध देतात, त्याला धारोष्ण म्हणतात, धार आणि उष्ण, म्हणजे धारेच्याच उबेनं अजून ऊन असलेलं. एवढं मोठं वाक्य एका शब्दात कुणीतरी बसवून ठेवलंय आणि आपण ते रोज पितो.

सरावाला अभंगाचा साचा घे. मोठा अभंग, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. पोरांच्या कानात हा साचा वारीपासून, हरिपाठापासून असतोच, नव्यानं शिकवावा लागत नाही, आणि सहा अक्षरांत ‘खूप सुंदर असे’ घालायला जागाच उरत नाही. आठवीतल्या एका मुलीनं आधी लिहिलं होतं, पाऊस थांबला आहे, आजी आता नाही, घर शांत शांत वाटते. दोन आठवडे ती अक्षरं बोटांवर मोजत होती. मग एका शनिवारी आल्या आल्या वही पुढं केली:

ओल्या कौलांवर
थांबलेली सर
आजीविना घर
ऐकतंय

मला वाचून पुढं शिकवता येईना. बघ ह्यात, पहिल्या तीन चरणांत क्रियापद नाही, नुसत्या घड्या. कौल ओलं आहे ते ‘ओल्या’त, पाऊस थांबला ते ‘थांबलेली’त, आजी गेली ते ‘आजीविना’त, आणि तिथं तर विशेषणसुद्धा नाही, एक शब्दयोगी अव्यय आहे फक्त. ‘शांत शांत’ कुठंच नाही आणि तरी शांतता ऐकू येते, कारण सगळी जागा वाचवून तिनं शेवटी एकच क्रियापद ठेवलं.

हे शेवटचं नीट धर. नुसत्याच नामांच्या घड्या एकाखाली एक रचल्या की कविता फोटोंच्या अल्बमसारखी होते, पान उलटायचं, फोटो बघायचा, पुढं जायचं, काहीच हलत नाही. हल्ली बऱ्याच कविता मला तशा दिसतात, चांगल्या लिहिणाऱ्यांच्याही, आणि वाईट वाटतं. एक तरी क्रियापद पाहिजे, आणि ते असं पाहिजे की त्याच्यासाठी बाकीची जागा रिकामी केली असं वाटलं पाहिजे. होता-आहे-असतो ही क्रियापदं त्या जागेला पुरत नाहीत.

आता तुझे आबा. तू लिहिलंयस:

माझे आबा पहाटे उठतात
बाहेर खूप अंधार असतो
ते गोठ्यात जातात
त्यांचे हात खूप खरखरीत आहेत
म्हैस त्यांना ओळखते
ते धार काढतात
बादलीत पांढरेशुभ्र दूध पडते
ते दूध गरम असते

ह्यात बघितलेलं सगळं आहे, त्यामुळं मला काळजी नाही. पांढरंशुभ्र आणि गरम हे दुधाच्या पोटातलं, ते जाऊ दे. उठतात, जातात, काढतात हे गोठ्यात हात दिसले की आपोआप आलं. सगळ्यात भारी ओळ ‘म्हैस त्यांना ओळखते’, तिची घडी घालून हातांच्या आधी ठेव. मी करून बघितलं ते असं:

अंधारातला गोठा,
म्हशीच्या ओळखीचे
खरखरीत हात,
बादलीत वाजते
पहिली धार

‘पहिली’ मी घातलं, ते तुझ्या कवितेत नव्हतं. घातलं कारण पहिलीच धार रिकाम्या बादलीत वाजते, नंतर दूध दुधात पडतं आणि आवाज मऊ होतो, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणजे ‘रिकामी बादली’ लिहायला नको. ‘आबा’ पण नाहीत बघ आता कुठं. हवे असतील तर शीर्षकात ठेव. आपल्याला नाम गाळायची सवय आहे, खानावळीत आपण ‘तांबडा-पांढरा’ म्हणतो, रस्सा म्हणायची गरज पडत नाही, घरात ‘थोरली आली, धाकटी झोपली’ म्हणतो. बऱ्याच विशेषणांना लिंग-वचन असतं म्हणून ती नामाशिवाय उभी राहतात, ओली म्हटलं की काहीतरी बाई, माती, वही असं स्त्रीलिंगी येऊन बसतं. हे सातवीला पहिल्याच महिन्यात देऊ नकोस, पोरं गोंधळतील, दिवाळीनंतर दे. तू स्वतः मात्र आत्ताच करून बघ.

ह्यापुढच्या तुझ्या चार ओळी, आबा आता थकलेत आणि म्हैस विकायची ठरलीय त्या, मी मुद्दामच हात लावला नाही. तिथं ‘विकायची म्हैस’ लिहायचं का ‘विकलेली म्हैस’ हे तुलाच ठरवावं लागेल, दोन्हीत कविता वेगळी होते. ठरलं की शनिवारच्या आत पाठव, पोरांना वाचून दाखवायची आहे, तुझी परवानगी असेल तर.